कडेवर उमटलेले दाते

नव्या फ्लॅटमधल्या एका कपाटाला दारं बसवून झाली होती. शुभ्र सनमायका, छतापर्यंत गेलेली दारं, आणि त्यांच्या उभ्या कडेने वरपासून खालपर्यंत उतरलेली एक तपकिरी, खडबडीत रेघ. जवळून पाहिलं की ती रेघ राहत नव्हती. बारीक बारीक कपच्या उडून सनमायक्याच्या पोटातला तपकिरी कागद उघडा पडला होता. कारागीर बोटाने त्यात पांढरी पुट्टी भरत होता. घरमालक म्हणत होते, प्लाय हलका निघाला. ठेकेदाराचं म्हणणं, आता मोठं मशीन घ्यायलाच हवं. दोघंही मनापासून बोलत होते, पण कोपऱ्यात वायर गुंडाळून ठेवलेल्या कटरचं पातं काढून उजेडात धरावं असं कुणालाच वाटलं नाही. ही गोष्ट डोक्यातून जात नाही. मशीन कितीही भारी असलं तरी लाकडाला शिवतात ते दाते, आणि त्या दात्यांनी काय केलं ते कडेवर लिहून ठेवलेलं असतं.

त्या दाराची आतली बाजू स्वच्छ होती. तीच शीट, तोच काप, आणि एका अंगाला कपच्या, दुसऱ्या अंगाला काही नाही. एवढ्यावरून कापताना दार कसं पडलं होतं ते सांगता येतं. हातातल्या गोल करवतीचं पातं पुढच्या बाजूला खालून वर फिरतं. दाते शीटच्या खालून आत शिरतात आणि वरून बाहेर पडतात, आणि बाहेर पडताना वरच्या थराला आधार नसल्यामुळे तो उचलून फोडतात. म्हणजे चांगली बाजू वर ठेवून कापलं. खात्री करायची तर मशीनच्या गार्डवरचा, म्हणजे पात्यावरच्या झाकणावरचा, बाण पाहावा. हातातल्या मशीनवर चांगली बाजू खाली ठेवायची. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून पातं वर आलेल्या करवतीवर, उलट, चांगली बाजू वर, कारण तिथे दाते वरून खाली येतात. जिगसॉचं, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक करवतीचं, साधं पातं वर ओढताना कापतं, म्हणून तिथेही चांगली बाजू खाली. एवढं पाळलं असतं तरी त्या दाराची निम्मी रड संपली असती.

उरलेली निम्मी पात्याची.

आपल्याकडे फर्निचरच्या साइटवर जे मशीन हमखास दिसतं ते मुळात लाकडाचं नाहीच. चार इंची मार्बल कटर फरशी आणि दगड कापायला बनला. त्याला हिऱ्याचं पातं बसतं आणि वर नुसता स्थिर गार्ड असतो. सुतारांनी त्यावर ११० मिलिमीटरचं, ३० किंवा ४० दात्यांचं, कार्बाइड या पोलादाहून कडक पदार्थाची टोकं असलेलं पातं चढवलं आणि तो आपला करून टाकला. का केला तेही उघड आहे. हलका, स्वस्त, पिशवीत मावणारा, तिसऱ्या मजल्यावर एका हाताने नेता येणारा. त्याला नावं ठेवून काही साधत नाही. पण तो काय करतो ते समजून घ्यायला हवं. तो मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे घेतो. ११० मिलिमीटरच्या पात्याचा परीघ सुमारे ३४५ मिलिमीटर. म्हणजे दात्याचा वेग सेकंदाला जवळपास ७० मीटर, ताशी २५० किलोमीटर. दहा इंची टेबल सॉ मिनिटाला ४ हजार फेरे घेतो आणि त्याच्या दात्याचा वेग सेकंदाला ५३ मीटरच्या घरात असतो. लहान दिसतं ते पातं जास्त वेगात असतं. त्यामुळे पातं विकत घेताना त्यावर छापलेला कमाल वेग वाचणं ही पहिली गोष्ट. मशीनचा आकडा पात्याच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर ते पातं त्या मशीनवर चढता कामा नये, भोक कितीही नेमकं बसो.

आता दात्यांची संख्या. दुकानात ‘जास्त दाते म्हणजे गुळगुळीत’ एवढंच सांगतात, आणि ते अर्धंच खरं आहे. महत्त्वाचं असतं ते दोन दात्यांमधलं अंतर. दहा इंची पात्याचा परीघ सुमारे ८०० मिलिमीटर. त्यावर २४ दाते असतील तर अंतर ३३ मिलिमीटर, ८० असतील तर १०. चार इंची पात्यावर ३० दाते म्हणजे अंतर साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे नुसत्या अंतराच्या हिशेबाने हे ३० दात्यांचं छोटं पातं दहा इंची ७० दात्यांच्या पात्याइतकं बारीक झालं. मग त्या दाराच्या कपच्या का उडाल्या? तिथे बाकीच्या गोष्टी येतात: दात्याचा पुढे झुकलेला कोन, दात्याच्या माथ्याची घडण, पात्याची थरथर आणि पातं खाली किती उतरवलं आहे ते.

खोलीचा मुद्दा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो फुकट सुधारता येतो. मार्बल कटर पूर्ण खाली सोडला तर पातं सुमारे ३२ मिलिमीटर उतरतं. शीट, दोन्ही बाजूंचा सनमायका धरून, २० मिलिमीटर. पूर्ण उतरवलेल्या पात्याचे दाते वरच्या पृष्ठभागातून जवळपास ६५ अंशांच्या कोनात, म्हणजे सरळ उभे बाहेर येतात आणि थर उचलतात. तेच पातं शीटच्या खाली जेमतेम ३ मिलिमीटर डोकावेल इतकंच ठेवलं तर बाहेर पडण्याचा कोन ५५ अंशांवर येतो. दाता उचलण्याऐवजी कापत बाहेर पडतो. एक नट सैल करून बेस खाली-वर करायचा, एवढंच काम. आणि तरीही बहुतेक साइटवर तो नट गंजून जागीच बसलेला असतो. याहून स्वच्छ कड हवी असेल तर काप दोन फेऱ्यांत घ्यावा: पहिली फेरी दोनच मिलिमीटर खोल, सावकाश, अॅल्युमिनियमच्या पट्टीला बेस टेकवून, दुसरी पूर्ण खोल, त्याच रेषेत. कारखान्यातल्या मोठ्या पॅनल सॉला मुख्य पात्याच्या पुढे एक छोटं, उलट्या दिशेने फिरणारं पातं असतं आणि ते शीटच्या खालच्या थराला आधीच चीर पाडून ठेवतं. आपण हाताने दोन फेऱ्यांत तेच करतो.

पातं हातात घेऊन त्याची कड डोळ्यासमोर आडवी धरावी, मागे खिडकीचा उजेड. काही पात्यांच्या दात्यांचे माथे सपाट दिसतात, सगळे एका उंचीचे. ही लाकूड तंतूंच्या दिशेने, उभं चिरायची पाती. काहींचे माथे आलटूनपालटून डावीकडे-उजवीकडे तिरके घासलेले, टोकं दोन्ही कडांना. ही आडव्या कापाची आणि प्लायची. तिसऱ्या प्रकारात एक दाता थोडा उंच आणि दोन्ही खांदे उतरवलेला, त्याच्या पुढचा किंचित बुटका आणि सपाट. उंच दाता मधली वाट काढतो, सपाट दाता कडा साफ करतो. सनमायका, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, अॅल्युमिनियम यांसाठी ही घडण, कारण टोकदार तिरके दाते अशा कडक, चिवट थरावर लवकर बोथटतात. दुकानदाराला प्रकार विचारावा, पण माथा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. डबीवर छापलेलं आणि आत निघालेलं पातं दरवेळी जुळतंच असं नाही.

हे ज्ञान विजेबरोबर आलेलं नाही. जुन्या सुताराच्या पेटीत दोन करवती असत. उभं चिरायच्या करवतीचे दाते कानस काटकोनात धरून घासलेले, पटाशीसारखे. आडवं कापायच्या करवतीचे तिरपी कानस मारून सुरीसारखे. रेषेच्या दिशेने जाताना लाकडाचा तंतू खरवडून काढायचा असतो, रेषेला आडवं जाताना तो आधी दोन्ही कडांना तोडावा लागतो. नाहीतर तो ओढला जातो आणि ढलपी निघते. कोकणात काय, घाटावर काय, सुतार संध्याकाळी कानस घेऊन बसायचा तेव्हा त्या एकसुरी किरकिरीत दुसऱ्या दिवसाचं काम ठरत असे: उद्या फळ्या पाडायच्या की चौकटी जुळवायच्या. त्या माणसाला चिरायच्या करवतीने आडवं कापायला सांगितलं असतं तर त्याने मानच हलवली असती. आज एकच पातं महिनोन्‌महिने मशीनवर राहतं आणि सागवान, प्लाय, एमडीएफ, कधी पीव्हीसीची पट्टी, सगळं त्याच्याच खाली जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. हात तितकेच कुशल आहेत, रेषा ओढणारी नजर तितकीच पक्की आहे. पातं बदलायला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं मात्र कामाच्या हिशेबात कुणी धरत नाही.

जास्त दाते नेहमी बरे, हा समज सगळ्यात जास्त लाकूड जाळतो. दोन इंची सागवानाची फळी दहा इंची टेबल सॉवर मिनिटाला ३ मीटर वेगाने उभी चिरत असू तर २४ दात्यांच्या पात्याचा प्रत्येक दाता साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीची सल काढतो. ८० दात्यांचं पातं लावलं तर वाट्याला ०.०१ मिलिमीटरही येत नाही. इतक्या पातळ सलेत दाता कापत नाही, घासतो. घासला की तापतो. शिवाय ८० दात्यांमधल्या खाचा लहान, उभ्या चिरातला लांब तंतूंचा भुसा त्यांत मावत नाही, तो चिरेतच फिरत राहतो. मग कडेवर काळे डाग, जळका वास, आणि हात आपोआप जास्त जोर लावू लागतो. तापलेली पोलादी चकती फुगते, लाटेसारखी डुलते, काप वाकडा जातो. म्हणून घन लाकूड चिरायला २४ दाते, सपाट माथा, दाता २० अंशांच्या आसपास पुढे झुकलेला. आडव्या कापाला ६० ते ८०, झुकाव ५ ते १० अंश. दोन्ही कामं एकाच पात्यावर भागवायची तर ५० दात्यांचं मिश्र पातं येतं: चार तिरके, एक सपाट, मग एक खोल खाच, असे गट. ते दोन्ही कामं बऱ्यापैकी करतं. रोज सागवान चिरणाऱ्याने मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

झुकावाबद्दल एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. पुढे झुकलेला दाता लाकूड स्वतःकडे ओढतो. टेबल सॉवर ती ओढ खाली टेबलाकडे असते, चालून जातं. मायटर सॉवर, म्हणजे पातं वरून लाकडावर उतरवायच्या करवतीवर, आणि विशेषतः पुढे-मागे सरकणाऱ्यावर, तीच ओढ मशीनला लाकडावर चढवते आणि हात सोबत खेचला जातो. म्हणून त्यावर शून्याच्या आसपासचा किंवा उणे ५ अंशांचा झुकाव असलेलं पातं लावायचं. टेबल सॉचं जुनं २४ दात्यांचं पातं ‘बसतंय ना’ म्हणून मायटर सॉवर चढवणं हे फार ठिकाणी दिसतं आणि फार धोक्याचं आहे. याच्याही पलीकडचा प्रकार म्हणजे धातू घासायच्या अँगल ग्राइंडरवर लाकडाचं दात्यांचं पातं. त्याला टेकायला बेस नाही, त्याचा गार्ड ठिणग्यांसाठी आहे, आणि दाता लाकडात अडकला की पूर्ण मशीन मनगटातून उसळतं. हे करू नये. कितीही घाई असली तरी.

मशीन कोणतं, हा प्रश्न पात्यानंतर येतो तेव्हा बराच सोपा झालेला असतो. आठ बाय चारच्या शीट घरोघरी जाऊन कापायच्या असतील तर मार्बल कटरच्या पुढची पायरी म्हणजे सात इंची सर्क्युलर सॉ किंवा रुळावर चालणारा प्लंज सॉ. सर्क्युलर सॉचा खालचा गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटतो, आणि मला विचाराल तर नुसत्या याच कारणासाठी तो घ्यावा. प्लंज सॉला १६० किंवा १६५ मिलिमीटरचं, बहुधा ४८ दात्यांचं पातं येतं आणि रुळाच्या कडेला रबराची पट्टी असते; ती वरचा थर दाबून धरते, त्यामुळे कपची उडायला जागाच राहत नाही. शीटखाली चार पट्ट्या टाकाव्यात, दोन कापाच्या अलीकडे, दोन पलीकडे. मध्ये झोल पडला की चीर मिटते, पातं चिमटीत सापडतं आणि मशीन मागे, आपल्या अंगावर येतं.

बऱ्याच वर्कशॉपमध्ये मार्बल कटर प्लायच्या फळीखाली उलटा टांगून टेबल सॉ केलेला असतो. त्यामागची कल्पकता मोठी आहे आणि चौकटीच्या पट्ट्या त्यावर पटापट निघतात. पण त्याला रिव्हिंग नाइफ नसते, म्हणजे पात्याच्या मागे चिरेत उभी राहणारी ती पोलादी पट्टी. चिरलेलं लाकूड, विशेषतः ताण असलेलं बाभळीचं किंवा नीट न वाळलेलं आंब्याचं, मागे मिटून पात्याला धरतं. मागचे दाते वर येत असतात, ते फळी उचलून कापणाऱ्याच्या पोटाकडे फेकतात. ही पट्टी पात्याच्या चकतीपेक्षा जाड आणि दात्यांच्या रुंदीपेक्षा पातळ हवी: दाते ३.२ मिलिमीटर रुंद आणि चकती २.२ असेल तर अडीच ते तीनच्या मधली. टेबल सॉचं पातं बदलून पातळ चिरेचं लावलं की ही जुळणी मोडते आणि लाकूड पट्टीवर अडतं. मग ती पट्टी काढून कोपऱ्यात टाकली जाते. पट्टी काढू नये, पातं जुळणारं आणावं. उलट्या कटरचा दुसरा धोका बटणाचा. ते कायम ‘चालू’वर अडकवलेलं असतं आणि मशीन भिंतीवरच्या स्विचने चालवतात. मध्येच लाइट जाते, माणूस अडकलेला तुकडा काढायला हात घालतो, आणि लाइट परत येते. वीज गेल्यावर स्वतःहून बंद पडणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच मिळतो. पुढचं पातं घेण्याआधी तो घ्यावा.

जिगसॉ सरळ कापाचं मशीन नाही, हे एकदा मान्य केलं की त्याचं मोल कळतं. १९४०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतल्या अल्बर्ट काउफमान यांनी शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचं पातं लावून पाहिलं, त्यातून ते जन्मलं, आणि अजूनही त्याची चाल तीच आहे: वर-खाली, बारीक, वळणं घेणारी. किचनच्या ओट्यात सिंकचं भोक, देवघराची महिरप, ही त्याची कामं. पात्यांवरचे आकडे पाहावेत. टी १०१ बी स्वच्छ कापाला, टी १४४ डी जाड लाकडात भरभर जायला, टी ११९ बीओ अरुंद आणि वळणांसाठी. नावापुढे बीआर असेल तर दाते उलटे, म्हणजे सनमायक्याची चांगली बाजू वर ठेवता येते. पातं पुढे-मागे झुलवणारी कळ सनमायक्यावर शून्यावर ठेवायची. दीड-दोन इंच जाड लाकडात हे पातं खाली वाकतं आणि कड काटकोनात येत नाही. गुण्या लावला की लगेच दिसतं. तिथे दातेरी पट्टा फिरवणारा बँड सॉ हवा, इंचाला तीन दात्यांच्या पट्ट्याचा.

लाकूडही पात्याशी वागताना आपला स्वभाव दाखवतं. आलापल्ली-बल्लारपूरकडचं सागवान हाताला तेलकट, गुळगुळीत लागतं, पण सागाच्या पोटात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. साध्या पोलादी पात्याची धार ती थोडक्या वेळात उतरवते. सागासाठी कार्बाइड हवंच. प्लायमध्ये गोंदाचे थर तेच काम करतात. जुने वाडे पाडल्यावर निघालेल्या तुळया सगळ्यात मोलाच्या आणि सगळ्यात घातकी. वरून एकही खिळा दिसत नाही, आत हातभर खोल चौकोनी लोखंडी खिळा मोडून बसलेला असतो. लाकडावर निळसर काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरून चालावं, जोरदार चुंबक फिरवावं, आणि तरीही पहिला चीर बँड सॉवर घ्यावा. पट्टा खराब झाला तर पट्टा जाईल. कार्बाइडचा उडालेला दाता कुठे जाईल ते सांगता येत नाही.

पातं चढवताना फ्लँज, म्हणजे पात्याला बाजूने धरून ठेवणारी चकती, कापडाने पुसावी. ही फार क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, म्हणून हिशेब मांडतो. ४० मिलिमीटरच्या फ्लँजच्या कडेला ०.०५ मिलिमीटरचा भुशाचा कण अडकला तर दहा इंची पात्याची कड ०.३ मिलिमीटरने डुलते. चीर तेवढी रुंद होते आणि कडेवर दात्यांचे ओरखडे उमटतात. मग शिव्या पात्याला बसतात. भोक मोठं असेल तर नेमक्या मापाची रिंग घालावी. चिकटपट्टी गुंडाळून भोक भरलं की पातं केंद्रातून सरकतं, एका बाजूचे चार-पाच दातेच सगळं काम करतात आणि तेच आधी जातात.

बोथट वाटणारी पाती पुष्कळदा बोथट नसतात, मळलेली असतात. दात्यांच्या बाजूला राळ आणि गोंदाचा तपकिरी थर बसलेला असतो. पातं उतरवून भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावं, पितळी ब्रशने घासावं, लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा. कास्टिक वापरू नये. सिमेंटच्या फरशीवर पातं आडवं आपटू नये. कार्बाइड कडक असतं तितकंच ठिसूळ. एवढं करूनही कापाच्या मागच्या बाजूला लव राहत असेल, आवाज घुमल्यासारखा येत असेल, तर धार गेली. कार्बाइडला कानस लागत नाही, हिऱ्याच्या चाकावरच धार लागते. दहा इंची चांगलं पातं अनेकदा धारेला जाऊन येतं, एखादा तुटलेला दाताही नवा बसवून मिळतो. देताना दात्यांचा प्रकार आणि झुकाव कागदावर लिहून द्यावा, नाहीतर तिरके माथे सपाट होऊन परत येतात. चार इंची पात्याला धार लावणं परवडत नाही. थोडं उतरलं की त्यावर मार्करने ‘शटरिंग’ असं ठळक लिहून वेगळ्या खिळ्याला टांगावं, म्हणजे सहा महिन्यांनी नवा आलेला पोरगा ते सनमायक्यावर चढवणार नाही. अशा छोट्या पात्याचा एक जरी दाता उडालेला दिसला तर ते भंगारात.